ब्रेकमधली हवा

“जावईबापू, त्येला म्हणावं, लिव्हर दाब आणि दाबूनच धर.”

हे म्हणाले माझे सासरे, आण्णा. ते मोटारसायकलच्या पुढच्या चाकाशी पाट टाकून बसले होते, हातात पाना. ‘त्येला’ म्हणजे त्यांचाच मुलगा, माझा मेहुणा धैर्यशील. तो हँडलशी उभा होता आणि बापलेकांत अंतर होतं जेमतेम हातभर. सासरवाडीने सकाळीच अंगावर चढवलेला नवाकोरा झब्बा घालून मी दोघांच्या मधोमध उभा. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आण्णा माझ्याकडे बघत होते. धैर्यशीलही माझ्याकडेच बघत होता.

“दाबून धरायचं म्हणतात,” मी म्हणालो.

“त्येंना सांगा, धरलंय,” धैर्यशील म्हणाला.

“धरलंय म्हणतो.”

“मग मी खोलालोय म्हणावं.”

दोघांचा आवाज खणखणीत. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनाही सगळं ऐकू जात असणार. तरी आण्णांचं ऐकायला धैर्यशीलला मी लागत होतो, आणि धैर्यशीलचं ऐकायला आण्णांना मी. मी नाशिकचा माणूस, शाळेत चित्रकला शिकवणारा. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मला आपलं वाटलं, गडहिंग्लजकडे अशीच रीत असेल. जावई अंगणात उभा असला की सगळं त्याच्यामार्फत बोलायचं असेल. अधिक महिना होता, लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं म्हणून आम्हा दोघांना बोलावलेलं. सकाळपासून मला पाटावर बसवून पाय धुतले होते, ओवाळलं होतं, चांदीची निरांजनं हातात ठेवली होती. इतकं सगळं झाल्यावर हेही त्यातलंच एखादं असेल, असं मी धरून चाललो.

मी तिथे अडकलो तो माझ्याच पायाने. चहा संपवून जरा मोकळ्या हवेला बाहेर आलो, तर आंब्याच्या सावलीत धैर्यशील गाडीशी झटत होता. गाडी मोठी, दणकट, दुसऱ्या हाताची. ब्रेकची जुनी तेलाची नळी चिरली म्हणून त्याने घरच्या घरी नवी बसवली होती. बसवणं जमलं, पण नळीत हवा राहिली. तेलात हवा राहिली की लिव्हर पावासारखी दबते आणि चाक मात्र फिरतच राहतं, असं त्याने मला सांगितलं. ती हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एकाने वर लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने खाली चाकाशी असलेलं बोंडाएवढं निपल खोलायचं. त्याला लावलेल्या पारदर्शक नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. मग निपल आवळायचं, आणि ते आवळल्यावरच लिव्हर सोडायची. आधी सोडली, तर बाहेर आलेली हवा परत आत.

“दाजी, जरा हात लावता?” तो म्हणाला होता. मी बाह्या सरसावतोय तोवर आण्णा घरातून आपला पाना आणि पाट घेऊन आले, एक अक्षर न बोलता चाकाशी बसले आणि निपलवर पाना चढवला. साखर कारखान्यात जन्मभर यंत्रांवर काढलेली माणसं अशीच बसतात. बरं झालं, जाणकार आले, म्हणून मी वळलो, तर दोघेही एकदम म्हणाले, “थांबा!”

मग मी थांबलो.

घाई होती. धैर्यशील ऊन उतरलं की निघणार होता. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून गोव्याला, तिथल्या नव्या नोकरीवर. त्याची बॅग पुढच्या सोप्यात दोरीने बांधून तयार होती. आंबोलीचा घाट मी एकदाच बघितला होता, एसटीच्या खिडकीतून, आणि तेवढा मला पुरला होता. त्या उतारावर हा पोरगा पावासारखी लिव्हर घेऊन निघणार, हे काही मला बघवत नव्हतं. म्हणून मी मनावर घेतलं.

पण काम काही पुढे सरकेना.

आण्णा म्हणायचे, “आवळलं म्हणावं, सोड आता.” मी म्हणायचो, “धैर्यशील, आण्णांचं आवळून झालंय, आता सोडायला हरकत नाही.” एवढं वाक्य संपेपर्यंत तो कधी माझी वाट बघत बसे, तर कधी आण्णांचं थेट ऐकून आधीच सोडून मोकळा होई. आणि मग पुढच्या खेपेला आण्णा म्हणायचे, “खोलालोय म्हणावं,” तेव्हा तो नेमका लिव्हर सोडत असे, कारण त्याच्या कानात अजून माझं मागचं वाक्य असे. नळीत बुडबुड्यांची रांग वर यायची आणि तशीच्या तशी माघारी जायची.

“हवा आत गेली,” आण्णा मला म्हणाले.

“हवा आत गेली म्हणतात.”

“निपल उघडं ऱ्हाऊ दिलं तर जाणारच की. सांगा त्येंना.”

“निपल उघडं राहिलं म्हणतो.”

“हात दमला आसंल त्येचा. दमला काय म्हणून विचारा.”

“हात दमला का?”

“दमाय काय झालंय?” धैर्यशील मला म्हणाला, आणि इतक्या रागाने म्हणाला की मीच ओशाळलो.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं माझं झालं. इथे तर दोन्ही घरं एकच होती. ब्रेक तेलाचा एक थेंब झब्ब्यावर उडाला, तो पुसायला गेलो तर डाग पसरला. त्या निमित्ताने मी हात धुवायला मागल्या दारी पळालो. तिथे सुनेत्रा, माझी बायको, पुरणाचं पातेलं उतरवून उभीच होती.

“काय चाललंय हे?” मी विचारलं. “हे दोघं एकमेकांशी का बोलत नाहीत?”

तिने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “दिवाळीपासून बोलत नाहीत. आण्णांनी कारखान्यात कुणाकुणाच्या पाया पडून त्याच्यासाठी जागा मिळवली होती. हजर व्हायच्या दिवशी साहेब लोक वाट बघत बसले, आणि हा गेलाच नाही. म्हणाला, मी मागितली नव्हती. आण्णा त्या दिवसापासून कारखान्याच्या रस्त्याला फिरकले नाहीत आणि त्याच्याशी बोलले नाहीत. तोही बोलला नाही.”

“आणि मला कुणी सांगितलं का नाही?”

“जावयाला असलं सांगायचं असतं का?”

“मग मला मध्ये उभं तरी कशाला केलंत?”

“तुम्हीच गेलात की बाहेर,” ती म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. “अहो, आज तो असाच गेला ना, तर परत यायचा नाही. मी ओळखते त्याला. दोघंही एका मातीचे. आई सकाळपासून देवापुढे बसलीय. जायच्या आधी एक शब्द बोलू दे त्यांना. एकच. बघा ना काहीतरी. तुमचं ऐकतात ते.”

“माझं कुठे ऐकतात? एकमेकांचंच ऐकतात, माझ्या तोंडून.”

पण ती रडायला लागली, तेव्हा मी परत बाहेर गेलो. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आमचे वडील म्हणायचे. ग्रहाने नुसतं फिरत राहायचं असतं, हे मला त्या दिवशी पटलं.

आता माझ्या डोक्यावर दोन कामं होती, ब्रेकमधली हवा काढायची आणि ह्या दोघांना बोलतं करायचं. दुसरं कसं करतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी पहिल्याला लागलो. मानपान बाजूला ठेवला. ‘आण्णा म्हणतात’, ‘धैर्यशील म्हणतो’ हे सगळं काढून टाकलं.

“धर,” मी म्हणालो. “खोला. आवळा. सोड.”

दोघेही चमकले. सासऱ्याला जावई असं एका शब्दात फर्मावतो, हे त्या अंगणात पहिल्यांदाच घडत असावं. पण आण्णांनी पाना फिरवला. मी पुन्हा म्हणालो, “धर. खोला. आवळा. सोड.” धैर्यशीलचा हात आणि आण्णांचा पाना माझ्या शब्दावर चालायला लागले. मळणीला बैल चालतात तशी चाल लागली. बुडबुडे यायला लागले, आधी मोठमोठे, मग मोहरीएवढे. ते बाटलीत जाऊन फुटले की माघारी येत नव्हते. मला भलताच आनंद झाला. मधूनच धैर्यशील वरच्या डबीत तेल ओतायचा, आणि मी पुन्हा सुरू करायचो.

“आता?” मी विचारलं.

आण्णांनी नळीकडे डोळे बारीक करून बघितलं. “हाय आजून थोडी हवा.”

धैर्यशीलने लिव्हर दाबली. “मऊ लागालंय दाजी.”

पुन्हा सुरू. धर, खोला, आवळा, सोड.

“आता?”

“एक बुडबुडा दिसला मला,” आण्णा म्हणाले.

“मऊच हाय,” धैर्यशील म्हणाला.

मी पुन्हा सुरू केलं. घसा कोरडा पडला. सावली सरकून ऊन माझ्या पाठीवर आलं. सासूबाई दाराशी येऊन दोनदा बघून गेल्या, जेवायला बोलवायचं की नाही ते त्यांना कळेना. मला काहीच कळेना. आता तर हवा परत आत जात नव्हती, चाल बिघडत नव्हती, मग उरलेली हवा येत होती कुठून? मी नव्या नळीवरून हात फिरवून बघितला, कुठे ओलही नव्हती. दोघे जाणकार म्हणतात हवा आहे, म्हणजे असेलच. मी आपला चित्रकलेचा मास्तर. मनात म्हटलं, आंबोलीच्या उतारावर ही हवा नडली तर सुनेत्राला मी काय तोंड दाखवणार.

तेवढ्यात धैर्यशीलचा फोन वाजला. गोव्याहून होता. “आलो आलो, निघालोच,” असं म्हणत तो फाटकापलीकडे गेला. आण्णांनी पाना खाली ठेवला नाही. ते चाकाकडेच बघत राहिले. मी नुसताच उभा होतो, हाताला चाळा हवा म्हणून मी लिव्हरवर बोटं टाकली आणि दाबली.

लिव्हर दगडासारखी घट्ट होती.

मी पुन्हा दाबली. चार बोटांनी, जोर लावून. अर्ध्यावरच थांबली, जाईच ना. मी खाली वाकून नळी बघितली. तेल मधासारखं पिवळं, आरपार. बुडबुडा औषधालासुद्धा नव्हता.

“आण्णा,” मी म्हणालो, “हे तर झालंय की.”

आण्णांनी मान वर केली नाही. निपलभोवती फडकं फिरवत, माझ्याशी नव्हे तर चाकाशी बोलल्यासारखे ते म्हणाले, “हाय. थोडी हाय.”

त्यांचा आवाज वेगळाच लागला. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता दिसत नाही नीट, आणि हे त्यांना कुणी सांगायचं? ठीक आहे, धैर्यशील आला की तो लिव्हर दाबेल आणि खरं काय ते बाहेर पडेल.

धैर्यशील आला. फोन खिशात टाकला. लिव्हर दाबली. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. त्याची बोटं अर्ध्यावरच अडली, नखं पांढरी झाली. त्याने सोडली, पुन्हा दाबली.

“मऊच लागालंय आजून,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नसलेले बुडबुडे म्हातारा मोजत होता आणि पोरगा दगडाला मऊ म्हणत होता. ब्रेक केव्हाचा झाला होता. झाला असं एकजण जरी म्हणाला असता तरी पाना खाली ठेवावा लागला असता, बॅग गाडीला बांधावी लागली असती. दिवाळीपासून ते दोघं इतका वेळ इतक्या जवळ बसलेच नव्हते. आणि आपल्यासारखाच दुसराही खोटं बोलतोय हे दोघांनाही कळत असणार, कारण लिव्हर घट्ट झालेली निपलवरच्या हातालाही कळते. आज इतक्या वर्षांनीही ते चाक, तो पाट आणि ते मधासारखं तेल जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं.

“धर,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? “खोला. आवळा. सोड.”

किती वेळ चाललं असतं कोण जाणे, पण तेल संपलं. धैर्यशीलने नव्या तेलाची बाटली उपडी करून झटकली. वरची डबी काठोकाठ भरलेली होती, हातातली बाटली रिकामी होती. आता हवा म्हणायलाही काही उरलं नव्हतं. त्याने डबीचं झाकण बसवलं, एकेक स्क्रू आवळला. आण्णांनी निपलवर रबरी टोपी चढवली, ती पुसली आणि पुन्हा पुसली.

“झालं म्हणायचं,” धैर्यशील म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही. तो सोप्याकडे वळला, बॅग उचलायला.

मी आण्णांकडे बघत होतो. बोला ना, असं मी मनात म्हणत होतो. एक शब्द. ‘सांभाळून जा’ म्हणा, ‘जा मर’ म्हणा, काहीही म्हणा. आण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

“जावईबापू, त्येला विचारा, क्लचचं काय?”

धैर्यशील थांबला. त्या गाडीच्या क्लचलाही तार नव्हती, तोही ब्रेकसारखाच तेलावर चालायचा. त्याची नळी कुणी उघडली नव्हती, त्यात हवा जायचं काही कारण नव्हतं. हे आण्णांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं आणि आता मलाही.

“त्येंना सांगा...” धैर्यशीलने माझ्याकडे बघून सुरुवात केली.

दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मला एकदम कळलं की मी जोवर इथे उभा आहे तोवर हे असंच चालणार. त्या हवेला जायला वाट नव्हती, कारण वाटेत मी होतो.

“मला भूक लागलीय,” मी म्हणालो. “सकाळपासून जावयाला उपाशी ठेवलंय. क्लचबिच मला काही कळत नाही. मी जेवायला चाललो.”

आणि चपला तिथेच टाकून मी घरात शिरलो. सासरवाडीच्या अंगणातून जावई असा रागाने उठून गेला तर एरवी घर डोक्यावर घेतात. माझ्यामागे कुणीही आलं नाही. मी मोरीत उभा राहिलो, नळ सोडला नाही, कान बाहेर ठेवला. बाहेर काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, झालं, बिघडवलं मी.

मग धैर्यशीलचा आवाज आला, अगदी बारीक. “क्लच चांगला हाय.”

“बघितलास?” आण्णा म्हणाले.

“बघाय कशाला पायजे? हाताला कळतंय की.”

“तुज्या हाताला? तुज्या हाताला काय कळतंय रं? मगाधरनं लिव्हर धोंड्यागत लागालीया आणि म्हणतोय मऊ हाय, मऊ हाय!”

“आणि तुमी? नळीत एक बुडबुडा न्हवता, आणि म्हणे दिसला!”

“दिसला म्हणून सांगालोय ना!”

“खोटं बोलू नगासा, आण्णा!”

“तू मला शिकवू नगोस! माज्याच दारात हुबा ऱ्हाऊन मलाच खोटारडा म्हणालास? कारखान्यातली चार माणसं मला काय काय बोलली, ठावं हाय काय तुला?”

“मग मला सांगायचं हुतंसा! एकदा तरी बोलायचं हुतंसा!”

“तू कवा आलास बोलाय?”

मी स्वयंपाकघरात आलो. सासूबाई आणि सुनेत्रा दोघी चुलीपाशी उभ्या होत्या, हलत नव्हत्या. माझ्यासाठी पाट मांडलेला होता, त्यावर मी बसलो. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

“भांडालेत काय?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “चांगलेच.”

“एकमेकांशी?”

“एकमेकांशीच.”

त्यांनी धोंडे वाढले, वरून तूप सोडलं. कान अंगणाकडे होते, तूप ताटाबाहेर गेलं, ते कुणी पुसलं नाही. बाहेर आवाज चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. मग एकदम थांबला आणि गाडी सुरू झाली. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या तोंडाशी गेली, आवाज लांब गेला.

माझा घास हातातच राहिला. गेला. बोलले ते बोलले, आणि भांडूनच गेला. मी उठून आलो नसतो तर निदान जेवून तरी गेला असता. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. सुनेत्रा बाहेर धावली.

ती परत आली ती तोंडावर पदर दाबून. रडतेय की हसतेय ते कळेना.

“गेला?” सासूबाईंनी विचारलं.

“दोघंही गेलेत.”

“दोघं? कुठं?”

“क्लचसाठी तेल आणायला. आण्णा मागं बसलेत. म्हणाले, तुझ्या हातावर माझा भरवसा न्हाई, ब्रेक कसा लागतोय ते मी मागं बसूनच बघतो.”

सासूबाई हातातल्या तुपाच्या भांड्यासकट खाली फरशीवरच बसल्या. पदराने डोळे पुसले, पुसता पुसता हसल्या, आणि माझ्या ताटात आणखी दोन धोंडे ठेवले.

“तुमी जेवून घ्या, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “भांडण काय इतक्यात संपत न्हाई त्येंचं.”